लहरींचा सरवा आणि वाटपाचा हिशेब

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबई जागच्या जागी थिजली. रेल्वे थांबली, रस्ते बुडाले, आणि दूरध्वनी व मोबाइल यांची सेवाही अनेक भागांत कोलमडली. ती रात्र ज्यांनी कचेरीत, बसगाडीत अथवा कमरेएवढ्या पाण्यातून चालत काढली, त्यांच्यापैकी अनेकांच्या खिशात मोबाइल होता, त्याच्या बॅटरीत धुगधुगीही होती. परंतु समोरच्या इमारतीत अडकलेल्या माणसाशी त्यावरून दोन शब्द बोलता येत नव्हते. याचे कारण मोबाइल व्यवस्थेच्या मूळ रचनेत आहे. एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाणारा प्रत्येक शब्द आधी मनोऱ्याकडे जातो आणि तेथून फिरून परत येतो. बोलणारे दोघे एकाच फलाटाच्या दोन टोकांना उभे असले, तरी त्यांचा मार्ग तोच. मनोरा मुका झाला की त्याच्या छायेतील हजारो यंत्रे, स्वतः धडधाकट असूनही, एकदम मुकी होतात.

ही उणीव तंत्रज्ञांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. मोबाइलची आंतरराष्ट्रीय मानके ठरविणाऱ्या ‘थ्रीजीपीपी’ या संघाने २०१५ साली पूर्ण केलेल्या आपल्या बाराव्या आवृत्तीत, जवळपासच्या दोन उपकरणांनी मनोऱ्याला वळसा न घालता परस्परांशी थेट बोलावे, अशी तरतूद केली. तिचा मुख्य हेतू आपत्तीच्या वेळी पोलीस, अग्निशमन दल आदींना उपयोग व्हावा हा होता. २०२२ साली पूर्ण झालेल्या सतराव्या आवृत्तीत पाचव्या पिढीच्या फोनसाठी आणखी एक पाऊल टाकले गेले. एखादा फोन मनोऱ्याच्या टप्प्याबाहेर असेल, तर मधल्या जागेतील दुसऱ्या फोनने त्याचा संदेश उचलून पुढे पोहोचवावा, अशी ही योजना आहे. एका केंद्राचा कार्यक्रम दुसऱ्या केंद्राने उचलून पुढे देणे याला आकाशवाणीच्या परिभाषेत सहक्षेपण म्हणतात. मधला फोन येथे तेच करतो. म्हणून त्याला सहक्षेपक म्हणावयास हरकत नाही. बाजारातील सर्वसामान्य फोनमध्ये ही सोय अद्याप फारशी उतरलेली नाही, आणि म्हणूनच तिच्या अर्थव्यवहाराचा विचार करण्याची वेळ आज आहे. व्यवस्था एकदा रूढ झाली, की तिच्यातील अन्यायही रूढ होतात.

या योजनेत दोन साधने वाटून घ्यावयाची असतात. त्यांतले पहिले म्हणजे लहरपट्टा, ज्याला लिलावांच्या बातम्यांमुळे सर्वजण आता स्पेक्ट्रम म्हणून ओळखतात. जवळजवळच्या दोन फोनांचा थेट संवाद बहुधा त्याच पट्ट्यात चालतो, ज्यात मनोऱ्याशी होणारी इतर संभाषणे चालू असतात. वर्गात अध्यापक शिकवीत असताना मागच्या बाकावरील दोन विद्यार्थी कुजबुजले तर व्याख्यानात व्यत्यय येत नाही. पण कुजबुज मोठी झाली, किंवा दहा बाके एकदम कुजबुजू लागली, की पुढच्या बाकावरच्यालाही ऐकू येईनासे होते. कोणी, कोणत्या पट्ट्यात, किती जोराने व किती वेळ कुजबुजावे, याचे गणित मांडणे हा गेल्या काही वर्षांत दूरसंचार संशोधनाचा एक मोठा विषय होऊन बसला आहे. एकाच्या लाभाचा उपद्रव तिसऱ्याला, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवी नाही. गिरणीचा धूर आणि शेजारच्याची वाळत घातलेली धुणी यांचा संबंध त्याने पहिल्या वर्षीच वाचलेला असतो.

दुसरे साधन ऊर्जा. दुसऱ्याचा निरोप पोहोचवावयाचा तर सहक्षेपकाची बॅटरी खर्च होणार. ही अडचण दूर करण्यासाठी जी कल्पना पुढे आली आहे, ती पहिल्या श्रवणी मोहक वाटते. हवेत रेडिओलहरी भरून राहिलेल्या आहेतच. सहक्षेपकाने त्यांतूनच ऊर्जा वेचावी आणि त्या ऊर्जेवर निरोप पुढे धाडावा. म्हणजे कोणाच्याच खिशाला तोशीस नाही!

कल्पनेला शास्त्राचा आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. स्फटिकावर चालणारे जुने रेडिओ बॅटरीवाचून वाजत; कानाला लावावयाच्या यंत्रात जो आवाज उमटे, त्याची सारी शक्ती केंद्राकडून आलेल्या लहरीचीच असे. अशा स्फटिक-शोधकाचे अमेरिकन पेटंट १९०४ साली कलकत्त्याच्या जगदीशचंद्र बोस यांना मिळाले होते. १९७५ साली विल्यम ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे सुमारे दीड किलोमीटर अंतरावर लहरींच्या द्वारे तीस किलोवॉटहून अधिक शक्ती पोहोचवून दाखविली, अर्थात त्यासाठी प्रचंड तबकडी वापरून. आज पथकर नाक्यावर मोटारीच्या काचेवरील फास्टॅगची चिकटपट्टी वाचली जाते, तीत बॅटरी नसते. नाक्यावरील यंत्राच्या लहरीतून मिळणाऱ्या शक्तीवरच ती आपला क्रमांक कळविते. एकच लहर माहिती आणि ऊर्जा दोन्ही वाहून नेऊ शकते काय, व एकीसाठी दुसरीचा किती त्याग करावा लागतो, याची सैद्धांतिक मांडणी लव वार्ष्णेय यांनी २००८ साली केली, आणि तेथून या शाखेला बहर आला.

परंतु शास्त्राने जे शक्य ठरविले ते व्यवहारात किती, हे आकड्यांनीच ठरते. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीवर एक वॉट शक्तीने प्रक्षेपण करणारे यंत्र घ्या. मोकळ्या जागेत त्यापासून दहा मीटरवर असलेल्या लहानशा आकाशकाच्या वाट्याला सुमारे सात मायक्रोवॉट येतात. एक मायक्रोवॉट म्हणजे वॉटचा दहा लाखावा भाग. अंतर दुप्पट झाले की हा वाटा चौथाईवर येतो. उलट, मनोऱ्यापर्यंत आवाज पोहोचविण्यासाठी फोन पूर्ण जोर लावतो तेव्हा तो सुमारे ०.२ वॉट शक्ती बाहेर टाकतो. साधा त्रैराशिकाचा हिशेब केला तर, वेचलेल्या ऊर्जेचा एक कणही वाया गेला नाही असे गृहीत धरूनही, एका सेकंदाच्या बोलण्यासाठी सुमारे आठ तास वेचणी करावी लागेल. म्हणजे कारकुनाचा कचेरीतील पुरा एक दिवस! प्रत्यक्षात लहरीचे विजेत रूपांतर करताना बरीच घट येते, ती वेगळीच. याच्या शेजारी सूर्याचा आकडा ठेवून पाहावा. तळहाताएवढ्या, म्हणजे दहा सेंटिमीटर लांब-रुंद सौरपट्टीतून भर दुपारी सुमारे दोन वॉट वीज मिळते, जी त्या सात मायक्रोवॉटच्या सुमारे २ लाख ८५ हजार पट आहे. एखाद्या संवेदकाने तासाभराने तापमानाचा एक आकडा कळवावा, एवढ्यापुरती लहरींची वेचणी कामाची आहे. माणसांची संभाषणे वाहून नेण्याच्या गोष्टी तिच्या जोरावर करणे म्हणजे मुंगीच्या पाठीवर गोणी लादणे होय.

आणि ही वेचणी फुकट आहे असेही नाही. पीक निघाल्यावर शेतात पडून राहिलेली कणसे गोरगरिबांनी वेचावीत, या रिवाजाला सरवा म्हणतात. सरवा वेचणाऱ्याला फुकट वाटतो. पण नांगरट, बियाणे, पाणी यांचा खर्च कोणीतरी केलेला असतोच. मनोरा जी लहर सोडतो तिच्यामागे विजेचे देयक असते, वीज गेल्यावर डिझेल असते, आणि हा खर्च अखेरीस ग्राहकाच्याच देयकात उतरतो. शिवाय संशोधकांच्या बहुतेक रचनांत सहक्षेपक वाऱ्यावरची उधळलेली लहर वेचीत नाही; त्याला ऊर्जा मिळावी म्हणून पाठविणाऱ्यालाच अधिक जोर लावावा लागतो, किंवा अधिक वेळ द्यावा लागतो. सहक्षेपकाने मिळालेल्या वेळाचा काही भाग ऊर्जा भरण्यात घालवावा व उरलेल्या भागात ऐकावे-बोलावे, हा एक मार्ग. आलेल्या लहरीचेच दोन भाग करून एक ऊर्जेसाठी व दुसरा माहितीसाठी वापरावा, हा दुसरा. दोहोंतही एक मिळविण्यासाठी दुसरे सोडावे लागते. संधित्यागाच्या व्ययाचे याहून स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकाला मिळणे कठीण.

येथपर्यंतचा प्रश्न कार्यक्षमतेचा झाला. खरा प्रश्न यापुढे आहे, व तो न्यायाचा आहे.

एका मनोऱ्याभोवती काही उपकरणे आहेत, ती मनोऱ्याच्याच लहरीतून ऊर्जा वेचतात आणि त्या ऊर्जेवर आपली माहिती मनोऱ्याकडे परत पाठवितात, अशी व्यवस्था कल्पावी. एक उपकरण जवळ आहे, दुसरे त्याच्या दुप्पट अंतरावर. दूरच्याला ऊर्जा मिळते चौथाई. आणि ते जे पाठविते तेही वाटेत अधिक विरल्यामुळे मनोऱ्यापर्यंत पोहोचते त्याच्या चौथाई. दोन्हींचा गुणाकार केला, की दूरच्याचा आवाज जवळच्याच्या एक-सोळांशाने ऐकू येतो. अंतर तिप्पट असेल तर एक-एक्याऐंशीअंशाने. ज्याला बोलण्यासाठी अधिक शक्ती हवी त्यालाच ती कमी मिळते. पाटाच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोहोचत नाही, त्याची जमीन अधिक तहानलेली असते, आणि तरीही पाळी लावणारा पाटकरी पाटाच्या मुखाशी बसलेला असतो, तशीच ही गत.

सिंगापूरमधील संशोधक ह्युंगसिक जू व रुई झांग यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा दुहेरी अंतराचा तोटा नीट मांडला. त्यांच्या मांडणीतील एक गोष्ट अर्थशास्त्रज्ञाने डोळ्यांत तेल घालून वाचावी अशी आहे. सर्व उपकरणांनी मिळून पाठविलेल्या माहितीची बेरीज कमाल व्हावी, असे ध्येय ठेवून वेळेचे वाटप केले, तर गणित बहुतेक वेळ जवळच्यांना देऊन टाकते व दूरच्याच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. ध्येय बदलून प्रत्येकाला समान माहिती पाठविता यावी असे म्हटले, तर दूरच्याला अधिक वेळ मिळतो. पण एकूण बेरीज घटते. गणिताच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे निर्दोष आहेत. कोणते ध्येय घ्यावे, हे मात्र गणित सांगत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाची बेरीज वाढली म्हणजे गावकुसाबाहेरच्याचे उत्पन्न वाढलेच असे नाही, हा वाद या देशात कित्येक दशके चाललेला आहे. तोच वाद येथे समीकरणाच्या पहिल्या ओळीत, कोणाच्याही नजरेस न येता, निकालात निघतो. एकूण बेरजेचे ध्येय लिहिणारा अभियंता पक्षपाती असतो असे मुळीच नाही. पण त्याने वाटपाचे धोरण ठरविलेले असते, आणि ते ठरविण्याचा अधिकार त्याला कोणी दिला होता, हे विचारले गेलेले नसते.

दुसरा अन्याय याहून साधा आहे. लहरींच्या सरव्यावर भागत नाही, हे वर दिसलेच. तेव्हा प्रत्यक्षात सहक्षेपक म्हणून जो फोन राबेल, तो आपल्या मालकाच्या बॅटरीवर राबेल. दूरसंचाराच्या निबंधांत सहक्षेपक हा आज्ञाधारक बिंदू असतो. व्यवहारात त्या बिंदूला मालक असतो. काही संशोधक क्रीडासिद्धांताच्या आधारे सहक्षेपकाला मोबदला देण्याची सूत्रे मांडतात, हे खरे. पण बाजारात जे घडले आहे ते निराळेच आहे. ॲपल कंपनीने २०१९ साली हरवलेल्या वस्तू शोधण्याचे जे जाळे उभे केले, त्यात कोणा अनोळखी माणसाच्या हरवलेल्या वस्तूचा ठावठिकाणा जवळून जाणारा तिऱ्हाइताचा फोन कळवितो. ही सोय फोनमध्ये आरंभापासून चालू असते, नको असल्यास मालकाने बंद करावयाची. ॲमेझॉन कंपनीने जून २०२१ मध्ये अमेरिकेत आपली ‘साइडवॉक’ योजना सुरू केली, तीत घरोघरची यंत्रे आपल्या इंटरनेट जोडणीचा थोडा भाग शेजारपाजारच्या उपकरणांना देऊ लागली. मर्यादा सेकंदाला ८० किलोबिट व महिन्याला ५०० मेगाबाइट एवढीच होती, पण येथेही सोय आधीच चालू ठेवलेली होती. औदार्याचे श्रेय कंपनीचे, साधन ग्राहकाचे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची ही नवी रीत होय.

यावर असे म्हणण्यात येईल की, खर्च नगण्य आहे. हिशेब करून पाहण्यास हरकत नाही. आजच्या सामान्य फोनच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा साठते. पूर्ण जोराने तासभर प्रक्षेपण केल्यास बाहेर टाकलेली ऊर्जा तिच्या सुमारे एक टक्का भरते. ती निर्माण करताना यंत्राच्या पोटात त्याच्या काही पट खर्च होते. टेबलावर चार्जर असलेल्या माणसाला हे खरोखरच नगण्य. परंतु सहक्षेपकाची निवड माणूस पाहून होत नाही, जागा पाहून होते. जो फोन दिवसभर गर्दीच्या मध्यावर असतो तोच पुन्हा पुन्हा निवडला जाणार, आणि दिवसभर गर्दीच्या मध्यावर असणारा माणूस म्हणजे बहुधा स्थानकाबाहेरचा फेरीवाला, रिक्षाचालक किंवा घरोघरी माल पोहोचविणारा मुलगा. त्याचा फोन दुपारी चारला बंद पडला, तर त्याचा धंदाच बंद पडतो. सरासरीने नगण्य असलेला भार नेमका कोणाच्या डोक्यावर पडतो, हे सरासरी सांगत नाही.

मग हा प्रश्न बाजारावर सोपवावा काय? लहरपट्ट्यांवर मालकी हक्क देऊन ते विकावेत, असे रोनाल्ड कोझ यांनी १९५९ सालीच सुचविले होते. हक्क कोणाचा हे एकदा स्पष्ट झाले व सौदा करण्यास खर्च येत नसला, की साधन आपोआप योग्य हाती जाते, हा त्यांच्या विचाराचा गाभा म्हणून सांगितला जातो. परंतु सौद्याचा खर्च नसतो असे कोझ यांनी कधीच मानले नाही; तो असतो यावरच त्यांचा भर होता. फलाटावर दोन सेकंदांसाठी जवळ आलेले दोन अनोळखी फोन बॅटरीच्या भावाची घासाघीस करणार नाहीत. ज्याच्या बाजूने आरंभीचा हक्क असेल त्याच्याच बाजूने तो कायम राहणार. म्हणून सोय आधीपासून चालू ठेवावी की बंद, हा किरकोळ तपशील नव्हे. चालू ठेवणे म्हणजे ग्राहकाच्या बॅटरीवरील हक्क कंपनीला देणे. बंद ठेवणे म्हणजे तो ग्राहकाकडे ठेवणे. पैसे देऊन सहक्षेपक गोळा करण्याचा प्रयोगही २०१९ पासून अमेरिकेतील ‘हीलियम’ या जाळ्याने आपल्या आभासी नाण्याच्या रूपाने करून पाहिला. नाण्याच्या आशेने लाखो लोकांनी यंत्रे बसविली, पण त्यांवरून निरोप पाठविणारे त्या मानाने फारच थोडे निघाले. निव्वळ फुकटेपणा आणि निव्वळ सट्टा यांच्यामध्येही वाट असते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते सामायिक साधने वापरणाऱ्यांनीच नियम करून ती टिकविल्याच्या अभ्यासासाठी. अशा नियमांत कोण किती देतो व कोण किती घेतो, यांचे प्रमाण उघड असते, हे त्यांचे निरीक्षण येथे तंतोतंत लागू पडते.

भारतात या विचाराला कायद्याची भूमी तयार आहे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात दिला. २ फेब्रुवारी २०१२ रोजी याच भूमिकेतून त्याने १२२ परवाने रद्द केले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तर एकाला दिलेल्या लहरपट्ट्याचा काही भाग अधिक चांगल्या वापरासाठी दुसऱ्यालाही देण्याची, म्हणजे दुय्यम वाटपाची, मुभा केंद्र सरकारला दिली. मात्र हे सारे वाटप सरकार व कंपन्या यांच्यामधले आहे. लहर सार्वजनिक, पट्टा कंपनीचा, आणि निरोप वाहणारी बॅटरी नागरिकाची, अशी त्रिपदरी व्यवस्था उद्या उभी राहिली तर तिसऱ्या पदराची नोंद कोठे होणार?

ती नोंद दूरसंचार नियामक प्राधिकरणाने परवान्याच्या अटींतच करून घेतली पाहिजे. मालकाने स्पष्ट होकार दिल्यावाचून कोणत्याही फोनला सहक्षेपक करू नये, आणि होकार दिल्यावरही बॅटरी ठराविक पातळीखाली गेली की त्याला आपोआप मोकळे करावे. वाहिलेल्या निरोपांचा मोबदला नाण्यांत नको, वस्तुरूपाने मिळावा. जितकी माहिती दुसऱ्यासाठी वाहिली तिच्या प्रमाणात स्वतःच्या देयकात सूट, एवढे पुरे. वेळेचे व पट्ट्याचे वाटप कोणत्या ध्येयाने केले जाते, हे कंपनीने जाहीर करावे, आणि टप्प्याच्या कडेवरील ग्राहकाला मिळावयाचा किमान वाटा त्यात लिहिलेला असावा. आपत्तीची गोष्ट वेगळी. जिल्हा प्रशासनाने आपत्ती घोषित केली की होकाराची व मोबदल्याची अट गळून पडावी व प्रत्येक फोनने शेजाऱ्याचा निरोप वाहावा. मात्र बॅटरीची खालची पातळी तेव्हाही पाळली गेली पाहिजे, कारण तो मालकही त्याच पुरात उभा असतो.

आणि जेथे कायमचा सहक्षेपक हवा आहे, म्हणजे मनोऱ्याच्या टप्प्याच्या कडेला असलेल्या वाड्या-पाड्यांत, तेथे नागरिकांच्या खिशाकडे मुळी पाहूच नये. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या छपरावर सौरपट्टीवर चालणारा छोटा सहक्षेपक बसवावा. दुर्गम भागातील सेवेसाठी कंपन्यांच्या महसुलातून जमा होणारा निधी, जो आता डिजिटल भारत निधी या नावाने ओळखला जातो, अशाच कामासाठी आहे. असा सहक्षेपक कोणाच्या ताब्यात राहील, पावसाळ्यात त्याची साठवण बॅटरी कोणी तपासावयाची आणि पट्टीवरची धूळ कोणी पुसावयाची, हेही निधी मंजूर करणाऱ्या आदेशातच लिहिलेले असावे.